येथे टाका उसवलेला दिसतो

सर्जन लोकांची लिहिण्याची भाषा त्यांच्या ऑपरेशनच्या टेबलाइतकी स्वच्छ असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिचं टपाल एकदा पाहायला हवं होतं. 'या लेखकाच्या हाती चाकू देऊ नये. दिलाच तर आधी त्याच्या पोटात घालून पाहावा.' 'हा लेख आहे की कत्तलखान्याचा हिशेब?' 'ज्या हाताने हे लिहिलं तो मनगटापासून काढावा. शस्त्रक्रिया मी फुकट करीन.' रोज सकाळी अशी वाक्यं तिच्या टेबलावर येऊन पडत आणि ती त्यांना निवळून पुढे पाठवी.

जर्नल सर्जनांच्या संघटनेचं होतं. कचेरी म्हणजे वैद्यकीय कॉलेजच्या मागच्या इमारतीत, एक्स-रे विभागाच्या डोक्यावर, दोन खोल्या. आतल्या खोलीत मुख्य संपादक बसत, म्हणजे त्यांची खुर्ची बसे; ते स्वतः दुपारचे तासभर येऊन सह्या करून जात. बाहेरच्या खोलीत ती. हुद्दा संपादकीय सचिव, तोंडावर सगळे 'ताई' म्हणत आणि पाठ वळली की 'गाळणी'. तिला ते ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्याने निदान उपयोगाची वस्तू निवडली, असं ती म्हणायची.

काम सांगायला सोपं होतं. लेख आला की लेखकाचं नाव काढून तो त्या विषयातल्या जाणकारांकडे पाठवायचा. त्यांना परीक्षक म्हणायचं. परीक्षकाने मत लिहून दिलं की त्याचं नाव काढून ते मत लेखकाकडे धाडायचं. याला तो माहीत नाही, त्याला हा माहीत नाही, दोघंही माहीत असलेली मध्ये ही एकटी. "नाव कळलं की वैद्यक संपलं आणि भाऊबंदकी सुरू झाली," असं संपादक म्हणत, आणि ते खरंच होतं. नियम एवढाच की काढायचं ते फक्त नाव. मताचा एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

ती करायची. नवीन असताना एक तरुण डॉक्टर हातात परीक्षकाचं मत घेऊन जिन्यातच मटकन बसला होता, आणि तिला त्याला पाणी द्यावं लागलं होतं. त्यानंतर तिने गाळायला सुरुवात केली. 'गाढव' काढून 'लेखकाने अधिक वाचन करावे.' 'हा माणूस खुनी आहे' काढून 'रोग्याच्या सुरक्षिततेचा विचार व्हावा.' लेखकांच्या तक्रारी थांबल्या. संपादकांनी कारण विचारलं नाही. तक्रार नाही म्हणजे काम नीट चाललंय, इतका साधा त्यांचा हिशेब. मूळ मतं तेच वाचून निर्णय घ्यायचे, आणि निर्णयाशी तिचा संबंध नव्हता. बाहेर जाताना कागदाने तोंड धुऊन जावं, एवढंच ती बघायची.

हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असेल तर घराने. बाप कुलपं-किल्ल्या करणारा. दिवसभर कानस चालवून हात असे झालेले की थप्पड बसली तर कातडी सोलून निघे. संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत बसे, आई स्वयंपाकघरात, आणि निरोप घेऊन ही मध्ये.

"सांग तुझ्या आईला, आज ताट गार आलं तर ताटासकट तिला भिंतीत चिणीन."

ती आत जाई. "आई, बाबा म्हणतायत, जरा गरम वाढ."

"त्याला म्हणावं, हात झडले नाहीत तुझे, उठून घे."

ती बाहेर येई. "बाबा, आई म्हणते, आलेच."

कधीकधी लागू पडायचं. पडलं नाही की बाप स्वतःच आत जायचा. एकदा त्याने आईला वेणीला धरून शिलाईच्या मशीनपर्यंत ओढत नेलं आणि तिचं कपाळ मशीनच्या चाकावर आपटलं. चाक फिरे, पुन्हा आपटे, पुन्हा फिरे. आईच्या अंगावरच्या कपड्याची बटणं तुटून फरशीभर झाली होती. ही गुडघ्यांवर बसून बटणं गोळा करत राहिली, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. शेजारच्या वहिनी आल्या. आईने डोक्यावर ओला पंचा धरला होता.

"अगं बाई, काय झालं गं हे?"

"काही नाही हो वहिनी. टाका उसवला होता, वाकून बघायला गेले, चाक लागलं."

पुढे ते घरातलं वाक्यच झालं. ओठ फुटला, टाका उसवला. मनगट सुजलं, टाका उसवला. आई लोकांचे कपडे शिवायची, त्यामुळे कुणाला खोटंही वाटत नसे, किंवा वाटलं तरी चालून जाई. बाप गेला तो झोपेत, कुशीवर, तोंड मिटून. "बघ की," आई म्हणाली, "मरताना सुद्धा त्यालाच आराम."

मुलीने लग्न केलं नाही. विचारायला येणाऱ्यांच्या हातांकडेच ती आधी बघायची, आणि गाडी तिथेच अडायची.

तर ते वाक्य तिच्याबरोबर कचेरीत आलं. परीक्षकाने खोटं, चोरी, बनावट असं काही लिहिलं की ती त्या जागी लिहायची, 'येथे टाका उसवलेला दिसतो, कृपया पुन्हा पाहावे.' सर्जन लोकांना टाक्याची भाषा समजते, शिवाय कुणाला लागत नाही. ते वाक्य तिला आवडत असे. इतक्या वर्षांत कितीतरी लेखकांना ते गेलं असेल, आणि प्रत्येकाला वाटलं असेल की कुणीतरी म्हातारा, समजूतदार परीक्षक आपल्याशी बोलतोय.

पैलवानाला वाटलं ते त्याहून जास्त होतं.

पैलवान हा पोटाचा सर्जन, शहरातल्या मोठ्या इस्पितळातला. मान खांद्यात गेलेली, पंजे फावड्यासारखे. कॉलेजात असतानाच पडलेलं नाव अजून चालत होतं, आणि त्यालाही ते आवडायचं. त्याने आतडं जोडण्याची एक नवी पद्धत काढली होती आणि तिच्यावर लेख लिहिला होता. एकही रोगी दगावला नाही, असा लेखाचा दावा. तो छापून आला की विभागप्रमुखाची खुर्ची त्याची, हे इस्पितळातल्या शिपायालाही माहीत होतं.

या कामातलं कळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक म्हातारे सर, ज्यांनी अर्ध्या शहराच्या सर्जनांना सुई धरायला शिकवली. त्यांच्याकडे लेख पाठवलाच नाही, कारण पैलवान त्यांचा विद्यार्थी, आणि आपल्या माणसाचा लेख तपासायचा नाही हा नियम. दुसरे एक परदेशी गेलेले, ते उत्तरच देत नसत. उरल्या त्या बाई डॉक्टर. जिभेला हाड नसलेल्या, पण कामाला चोख.

बाईंनी लिहिलं, 'खोटं. दुसऱ्या आणि चौथ्या तक्त्यातले रोगी तेच आहेत, फक्त वयं बदलली आहेत. मेलेल्यांना घरी चालत पाठवलं आहे. हा माणूस खोटारडा आहे आणि त्याच्या हाताखाली माणसं मरतायत. थांबवा.'

तिने गाळलं. 'दुसऱ्या आणि चौथ्या तक्त्यांत बरेच साम्य आढळते. मृत्यूंच्या नोंदीबाबत येथे टाका उसवलेला दिसतो.'

संपादकांनी मूळ मत वाचलं, लेख नाकारला आणि नियमाप्रमाणे इस्पितळाला कळवलं की आकडे बनावट असल्याची शंका आहे, चौकशी व्हावी. विभागप्रमुखाची नेमणूक थांबली. गाळलेलं मत पैलवानाच्या हाती पडलं.

म्हाताऱ्या सरांची एक सवय होती, जी तिला माहीत नव्हती आणि त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या बोटांना माहीत होती. ऑपरेशन चालू असताना कुणाचं काम ढिलं दिसलं की ते हातातल्या चिमट्याने त्याच्या बोटांच्या पेरांवर टोला मारत आणि म्हणत, "टाका उसवलाय, बाळ." सगळ्यांसमोर, नर्सा, कंपाउंडर, भूल देणारा डॉक्टर, सगळे हसत. पैलवानाने ते टोले वर्षानुवर्षं खाल्ले होते. कागदावर ते वाक्य वाचलं तेव्हा त्याची पेरं पुन्हा ठणकली असणार.

ती दुपारचा डबा उघडत होती. खिडकीखाली कॉलेजच्या गाड्या लागत. आधी एक आवाज आला, जाड, बोथट, गाडीचं दार नीट न लागल्यासारखा. मग किंचाळी. मग पुन्हा तोच आवाज.

"टाका उसवला ना, सर? आता बघा कसा उसवला! आता शिवा!"

ती खिडकीशी पोचेपर्यंत पैलवान पाठ फिरवून निघाला होता. धावत नव्हता. हात पँटीला पुसत, ओपीडीला उशीर होतोय अशा चालीने चालला होता. म्हातारे सर गाडीला टेकून खाली घसरले होते. उजवा हात दाराच्या चौकटीत होता तो त्यांनी छातीशी घेतला होता, आणि बोटं बोटांच्या जागी नव्हती. दोन उलट्या बाजूला वळली होती आणि एकातून पांढरं हाड बाहेर आलं होतं. वॉचमन शिट्टी फुंकत होता. कुणासाठी, कुणास ठाऊक.

तिला ऐकू आलेलं वाक्य खिडकीत तसंच उभं राहिलं. घास हातात होता तो डब्यात ठेवून तिने झाकण लावलं.

पोलीस आले तेव्हा सरांनी सांगितलं, दार लागलं. चुकून. वारा होता. स्वतःच्या विद्यार्थ्याने भरदुपारी हात चेचला हे तोंडाने सांगण्यापेक्षा हात गेलेला परवडला, अशातली ती जातकुळी. पैलवानाला मात्र तेवढ्याने पुरं होणार नव्हतं. त्याने सरांच्या घरी निरोप धाडला. 'चौकशी समिती पुढच्या आठवड्यात बसतेय. परीक्षक मीच होतो आणि माझी वाचण्यात चूक झाली, असं लिहून द्या. नाहीतर डावा आहेच.' सरांच्या सूनबाई रडत रडत कचेरीत आल्या तेव्हा हे कळलं.

"बाबा म्हणतात, मी तो लेख पाहिलाच नाही. मग कसं लिहून देऊ? तुम्ही त्याला सांगा ना हो, परीक्षक हे नव्हते म्हणून. एवढंच. दुसरं कुणाचं नाव सांगू नका."

संपादक त्या दिवशी खुर्चीत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वहिनी, आमचा नियम आहे. कोण होतं तेही सांगायचं नाही, कोण नव्हतं तेही सांगायचं नाही."

"अहो, हात तोडलाय त्यांचा!"

"सर नव्हते म्हटलं की उरलं कोण? शेंबडं पोर सुद्धा ओळखेल. आज यांचा हात आहे, उद्या दुसऱ्या कुणाचा जाईल. तो कुणी निवडायचा, मी?"

सूनबाई गेल्यावर ती म्हणाली, "साहेब, पोलिसात जाऊ. मी ऐकलंय."

"काय ऐकलंत? सर म्हणतायत दार लागलं. तुम्ही वाऱ्याचा आवाज ऐकलात." मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "ताई, ते टाक्याचं वाक्य मूळ मतात नव्हतं."

"नव्हतं."

"मला ते माहीत नाही," ते म्हणाले आणि सह्या करायला लागले.

बाई डॉक्टर दुसऱ्या दिवशी आल्या. टाक्याचं वाक्य एव्हाना त्यांच्याही कानावर गेलं होतं. दार ढकलून आत, पर्स टेबलावर आपटून. वाटलं होतं, घाबरून आल्या असतील. घाबरल्याही होत्या, घाबरलेलं माणूस जसं ओरडतं तशा ओरडत होत्या.

"मी काय लिहिलं होतं? टाका? मी जन्मात टाका-बिका लिहीत नाही. मी लिहिलं होतं 'खोटं'. दोन अक्षरं. तुम्हाला ती जड झाली?"

"बाई, हळू. खाली ऐकू जातं."

"आता हळू? अहो, 'खोटारडा' लिहून गेलं असतं तर त्याला कळलं असतं का कुणी लिहिलंय? शिव्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. तुमच्या या गोड बोलण्यालाच चेहरा फुटला, आणि तो नेमका त्या म्हाताऱ्याचा निघाला."

तिने खुर्ची पुढे सरकवली.

"पैलवान ताळ्यावर नाहीये," बाई खुर्चीत बसल्या. आवाज खाली आला. "मी त्याच्याबरोबर शिकलेय. वसतिगृहात त्याने एकाला गादीवर पालथा घालून पाठीवर गुडघा दिला होता, बरगडी मोडल्याचा आवाज येईपर्यंत. कशावरून, तर त्याचा टॉवेल घेतला म्हणून. माझी मुलगी रिक्षाने शाळेत जाते हो, ताई. एकटी."

"तुमचं नाव जाणार नाही."

"आणि सर?"

बाईंनी पर्स उचलली. दारात थांबून म्हणाल्या, "मी वाईट बाई आहे असं वाटत असेल ना तुम्हाला? वाटू दे." आणि गेल्या.

आई आता म्हातारी झाली होती. मशीन सुटलं होतं, पण हातशिलाई चालू असे. उशांचे अभ्रे, फाटलेली खिशाची अस्तरं. ती उन्हात बसून दोरा ओवत होती आणि लेक समोर बसून सगळं सांगत होती. दाराचा आवाज, बोटं, सूनबाई, बाई डॉक्टर.

"म्हणजे माझ्या बोलण्यापायी त्या माणसाचा हात गेला म्हणायचा," आई म्हणाली.

"तुझ्या नाही गं, माझ्या."

"तू कुठून आणलंस? माझ्याच पदरचं ना ते." दोरा सुईत जाईना. तिने तो जिभेवर ओला केला. "एक सांगू? त्या शेजारच्या वहिनी होत्या ना, त्या मला नंतर म्हणाल्या, अगं, तू एकदा जरी सांगितलं असतंस तर आमचे हे आणि वरचे दोघं येऊन त्याचे हात बांधणार होते. ठरलेलं होतं त्यांचं. पण तू म्हणायचीस टाका उसवला, मग आम्ही कशाच्या जोरावर यायचं?" आईने सुई खाली ठेवली. "मला वाटायचं, मी घराची अब्रू झाकतेय. मी त्याचे हात झाकत होते."

लेकीने सुई उचलून दोरा ओवून दिला.

"जाऊन सांग त्याला, 'वाक्य माझं' म्हणून," आई म्हणाली. "त्यात कुणाचं नाव येत नाही, तुझ्याशिवाय."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"मारेल तो, आई."

"मारेल." आईने तिच्याकडे बघितलं, नीट. "म्हणून चार माणसांत सांग. घरात सांगितलेलं घरातच राहतं."

पैलवानाची ओपीडी सकाळी असायची. बाकांवर रोगी खेटून बसलेले, कुणाच्या पोटाला पट्टी, कुणाच्या कमरेला लोंबणारी शौचाची पिशवी, नातेवाइकांच्या हातात फायली. काउंटरवर नर्स नावं पुकारत होती. ती मधोमध जाऊन उभी राहिली. पैलवान एका रोग्याला सोडायला दाराशी आला, तेव्हा तिने हाक मारली.

"डॉक्टर, मी जर्नलच्या कचेरीतून आलेय."

तो हसला. "या, या, आत या. तुमचीच वाट बघत होतो."

"आत नको. इथेच सांगते. 'टाका उसवलेला दिसतो' हे वाक्य माझं आहे."

"काय?"

"परीक्षकाचं नाही. कुठल्याच परीक्षकाचं नाही. मी घातलं. मी सगळ्यांच्या मतांत घालते, कुठल्याही जुन्या लेखकाला विचारा. तुम्ही ज्या वाक्यावरून सरांचा हात दारात चेचलात, ते सरांनी लिहिलंच नव्हतं."

बाकांवर हालचाल झाली. नर्सचं पुकारणं अर्ध्यावर राहिलं.

"हळू बोला," पैलवान म्हणाला. हसू अजून तिथेच होतं, फक्त खाली काही उरलं नव्हतं. "मग मूळ काय होतं?"

"मूळ होतं, खोटं. मेलेल्यांना जिवंत दाखवलंय, असं लिहिलं होतं."

"कुणी?"

"ते सांगायला नाही आले."

पहिली थप्पड अशी बसली की ती कुठल्या बाजूने आली ते तिला कळलंच नाही. कान बधिर झाला आणि भिंत जवळ आली. त्याने तिला केसांना धरून वर घेतलं. "कुणी?" तिने मान हलवली. त्याने तिचं तोंड काउंटरच्या कडेवर आपटलं. दात ओठातून आरपार गेला. रक्त फायलींवर सांडलं आणि नर्स मागे सरकून कपाटाला चिकटली. "म्हातारा नाही तर कोण? ती भवानी? तीच ना? बोल!" तिने जर नाही म्हटलं असतं तर तेही उत्तर झालं असतं. तिने काहीच म्हटलं नाही. त्याने तिचा हात पाठीमागे घेतला आणि वर उचलायला लागला, सावकाश. सांधा कुठे सुटतो हे माहीत असलेला माणूस उचलतो तसा. खांद्यात काहीतरी खटकन जागेवरून निघालं. तिच्या तोंडून आवाज आला तो तिच्या ओळखीचा नव्हता. अंगठा त्याने जबड्याच्या मागे, कानाखालच्या खळगीत रुतवला. तिला पांढरं दिसलं.

"डॉक्टर, अहो डॉक्टर, बाईमाणूस आहे!" कमरेला पिशवी लावलेला एक म्हातारा ओरडला. त्याचं आतडं यानेच जोडलेलं. तो उठला आणि धडपडत येऊन पैलवानाच्या दंडाला लटकला. पैलवानाने कोपर मागे मारलं. ते नेमकं पिशवीवर बसलं. पिशवी फुटली, म्हातारा दुमडून पडला, आणि ते सगळं पैलवानाच्या पांढऱ्या कोटावर आणि फरशीवर उडालं.

मग मात्र बाकं रिकामी झाली. म्हाताऱ्याची दोन मुलं, एक कंपाउंडर, एक बाई हातातल्या छत्रीने. पैलवान त्या घाणीत घसरला आणि त्यांनी त्याला खाली दाबून धरलं. छत्रीवाली बाई त्याच्या मानेत मारतच होती. "माझ्या भावाला यानेच मारलं! टेबलावर मारलं आणि हसत बाहेर आला!" तिला आवरायला दोघं लागले.

शुद्ध नीट आली तेव्हा ती त्याच इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर होती. खांदा बसवलेला, ओठ शिवलेला. आई उशाशी. कॉलेजच्या शिपायाने संपादकांचा निरोप आणला होता. नियमभंगाबद्दल सेवा समाप्त, लवकर बरं व्हावं. आईने त्याला पाणी विचारलं.

जबाब घ्यायला हवालदार आला. साधा माणूस, पेन अडकणारा. तो स्वतःशी बोलत लिहीत होता. "सदर ठिकाणी... उभयतांमध्ये... बाचाबाची होऊन... धक्काबुक्कीत... लागलं."

"काय लिहिलंत?" तिचा ओठ जड होता.

"धक्काबुक्की. तसंच लिहितात, ताई."

"खोडा. मारलं लिहा."

"अहो, अर्थ तोच."

"तोच असेल तर मारलं लिहायला काय होतं?"

आई म्हणाली, "लिहा हो भाऊ. नाहीतर ती तुम्हाला सोडायची नाही. धंदाच तो तिचा, म्हणजे होता."

हवालदाराने खोडलं. तेवढ्यात दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. म्हातारे सर, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, मागे सूनबाई. ते तिच्याकडे बराच वेळ रागाने बघत राहिले.

"माझं वाक्य तू कुठून उचललंस?"

"तुमचं नाही, सर. हिचं आहे."

सरांनी आईकडे बघितलं. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला, पण नजर खाली घातली नाही.

"चांगली अद्दल घडली मला तुमच्या वाक्याची, बाई," सर म्हणाले. "हा हात आता सुई धरणार नाही."

"ऐकलं मी," आई म्हणाली. "क्षमा मागून तो परत यायचा असता तर मागितली असती."

सर सूनबाईंनी पुढे केलेल्या स्टुलावर बसले आणि हवालदाराला म्हणाले, "यांचं झालं की माझं घ्या. त्या दिवशी वारा नव्हता."

"आधी हे पुरं होऊ दे, साहेब. एकेक करून." हवालदाराने पान उलटलं. "हां, ताई. का मारलं?"

"परीक्षकाचं नाव विचारलं. मी सांगितलं नाही. म्हणून मारलं."

"नाव विचारलं... सांगितलं नाही... मारलं." त्याने लिहिलं, पेन झटकलं. "कुणाचं नाव?"

सर बघत होते. सूनबाई बघत होत्या. स्टुलावरून, दारातून, दोघांनाही ते हवं होतं, हे दिसत होतं. ज्याच्या वाटचं आपण भोगलं त्याचं नाव कळावं असं कुणालाही वाटेल.

"ते नाही."

"अहो, मी पोलीस आहे."

"माहीत आहे."

"कोर्टात विचारतील."

"तिथेही हेच सांगीन."

"मग इथे काय लिहू? जागा रिकामी राहते ही."

"राहू द्या," ती म्हणाली. "पुढच्या ओळीवर या."